बाराव्या वर्षानंतरची बाग

बडोद्याच्या मराठी घरांत लहानाची मोठी झालेल्या कोणालाही कमाटीबाग म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो, की विश्वामित्रीच्या काठी, शंभर एकरांहून अधिक जागेवर पसरलेली ही बाग श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८७९ साली, प्रजेसाठी उभी राहिली. कागदोपत्री ती सयाजीबाग. आमच्या तोंडी मात्र कमाटीबागच. दांडिया बाजारातील वाड्यातून आम्ही तिघी बहिणी आणि आमचा भाऊ दर रविवारी तिथे जात असू. वस्तुसंग्रहालयातील देवमाशाचा अजस्र सांगाडा पाहून दर वेळी तेवढेच घाबरायचे, चिमुकल्या आगगाडीत बसण्यासाठी वडिलांच्या मागे लागायचे, बँडस्टँडभोवती शिवाशिवी खेळायची आणि परतताना शेंगांच्या पुड्या संपवायच्या, असा तो ठरलेला कार्यक्रम असे. साठीच्या दशकातील गोष्ट. ती बाग आपलीच आहे याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

ही मालकी केव्हा संपली, ते तिघींनाही नेमके सांगता येत नाही. कोणी रागावले नाही, कोणी दार लावले नाही. थोरलीला ‘कावळा शिवला’ त्या वर्षी तिचे बागेत जाणे कमी झाले. दोन वर्षांनी मधलीचे, आणि आणखी तीन वर्षांनी धाकटीचे. धाकटी सर्वांत हट्टी. तिने आईला विचारले, “मी का नाही जायचं?” आईने उत्तर दिले नाही, फक्त तांदूळ निवडायला दिलेले ताट तिच्यापुढे सरकवले. भाऊ मात्र जातच राहिला. बारा वर्षांचा झाला, सोळाचा झाला, नोकरीला लागला, तरी संध्याकाळी मित्रांबरोबर बागेत बसणे ही त्याची सवय मोडली नाही. बाग तीच होती, झाडे तीच होती. तिच्यात आम्हांला काही काम उरले नव्हते, इतकेच.

‘काम’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. पुढच्या काळात आम्ही घराबाहेर पडलो नाही असे नाही. विठ्ठलमंदिरात जायचे, शिवणाच्या वर्गाला जायचे, खंडेराव मार्केटात भाजीला जायचे. पण जाण्याला कारण हवे. दारात चप्पल घालताना ‘कुठे?’ हा प्रश्न येई आणि त्याचे उत्तर तयार असावे लागे. ‘उगीच’ हे उत्तर भावाला चालत असे, आम्हांला नाही. पुढे २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचे ‘व्हाय लॉयटर?’ हे मुंबईतील स्त्रियांच्या वावराविषयीचे पुस्तक आले. मधलीच्या सुनेने ते घरी आणले, तेव्हा आम्ही तिघींनी आळीपाळीने वाचले. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क हासुद्धा नागरिकाचा हक्क आहे, असा त्याचा आशय. वाचून थोरली म्हणाली, “एवढं सांगायला पुस्तक लिहावं लागतं, हेच खरं वाईट.”

हे सारे जुने उगाळण्याचे कारण तसे ताजे आहे. थोरली आणि मधली आता एकाच सोसायटीत राहतात. धाकटी हाकेच्या अंतरावर. सोसायटीला मधोमध एक सामाईक भूखंड आहे, त्याला आम्ही सगळे मोठ्या मानाने ‘बाग’ म्हणतो. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वीज गेली म्हणून थोरली खाली उतरली, तो तळघरातील पार्किंगमध्ये तिची तेरा वर्षांची नात दोन मैत्रिणींबरोबर उभ्या असलेल्या अ‍ॅक्टिव्हांवर बसलेली. अंधार, पेट्रोलचा वास, डास. थोरली खेकसली, “इथे काय बसता? बाग कशाला आहे?” नात शांतपणे म्हणाली, “आजी, बागेत गेलं की तुम्हीच विचारता, कशाला आलात म्हणून. तिथे नाही गमत आम्हांला.”

तुम्हीच विचारता! दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कडुनिंबाखालच्या आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो, पण बोलणे सुचेना. कारण पोर खरे बोलली होती. त्या बाकावरून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी आम्हीच करत होतो. अमक्याची मुलगी एवढ्या उशिरा कुठे निघाली, तमकीने काय घातले आहे, हे आम्हांला दिसत असे आणि आम्ही ते दिसू देत नसू असेही नव्हते. आईने निदान तोंडाने काही म्हटले नव्हते. आम्ही तर म्हणतही होतो.

मग आम्ही एक उद्योग केला. पंधरा दिवस संध्याकाळी वहीत खुणा केल्या: बागेत कोण येते, कुठे बसते, किती वेळ थांबते. निष्कर्ष सांगायला आकड्यांची गरज नाही. मधल्या मोकळ्या जागेत क्रिकेट. तिथे मुलगे, आठ वर्षांपासून अठरापर्यंतचे. कोपऱ्यात घसरगुंडी आणि झोपाळे. तिथे तान्ही मुले आणि त्यांच्या आया. झोपाळ्यांवर पाटी: ‘फक्त १२ वर्षांखालील मुलांसाठी’. कडेने चालण्याची वाट; तिच्यावर मधुमेही मंडळी. सावलीतले बाक आम्हा म्हाताऱ्यांचे. आणि बारा ते अठरा वयाच्या मुली? त्या वाटेवरून जात होत्या. क्लासला, क्लासहून, दूध आणायला. थांबत कोणीच नव्हती. त्या पाटीने बारा वर्षांनंतर काय करू नये ते सांगितले होते. काय करावे, ते बागेतील कोणत्याच वस्तूने सांगितले नव्हते.

हा प्रश्न आमच्या सोसायटीपुरता नाही, आणि आपल्या देशापुरताही नाही, हे आम्हांला नंतर कळले. व्हिएन्ना शहरात एफा काइल नावाच्या नगररचनाकार बाईंनी १९९१ साली एक छायाचित्र-प्रदर्शन भरवले होते. सार्वजनिक जागा कोणाची, असा त्याचा सवाल. आणि त्यात शहरातील काही स्त्रियांचा व मुलींचा साधा दिनक्रम, चालणे, वाहने, पायऱ्या, अडथळे, असा मांडला होता. पुढे महापालिकेने स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालयच काढले. १९९६-९७ मध्ये तिथे बागांची पाहणी झाली, तेव्हा दिसले की नऊ वर्षांनंतर बागेत येणाऱ्या मुलींची संख्या एकदम घसरते; मुलग्यांची घसरत नाही. युरोपातील सुधारलेले शहर, ना कावळा, ना तांदळाचे ताट, तरीही तेच!

हे वाचताना आम्हांला आमच्याच राज्यातील एका जुन्या कायद्याची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. हिंदुस्थानात असे धाडस दुसऱ्या कोणी केले नव्हते, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण त्या कायद्यातील सक्तीची वये पाहावीत: मुलग्यांना सात ते बारा, मुलींना सात ते दहा. महाराजांना मुलींची पर्वा नव्हती असे कोण म्हणेल? ते काळाच्या पुढे होते. पण काळाला बरोबर घेऊनच त्यांना चालावे लागले, आणि काळ मुलीला दहाव्या वर्षी घरी परत मागत होता. व्हिएन्नातील मुलगी नवव्या वर्षी, बडोद्याची दहाव्या, आम्ही बाराव्या-तेराव्या. उंबरठा थोडा पुढेमागे सरकतो, एवढेच.

व्हिएन्नाकरांनी मुलींना उपदेश केला नाही, की बाळांनो, धीट व्हा. त्यांनी बागेकडे पाहिले. त्यांच्या ध्यानात आले, की मधोमध एकच मोठे मोकळे मैदान ठेवले की जो गट धावणारा आणि ओरडणारा, त्याच्याच ताब्यात ते जाते. दुसऱ्यांना तिथे शिरायचे तर आधी भांडावे लागते, आणि मुली न भांडता निघून जातात. मग १९९९च्या सुमारास पाचव्या प्रभागातील आइन्झीडलर आणि सांक्ट योहान या दोन बागांची नव्याने आखणी झाली. मोठ्या मोकळ्या जागा झाडाझुडपांनी, चढउतारांनी लहान लहान भागांत विभागल्या. आत शिरायला अधिक वाटा केल्या. व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटन यांसारख्या खेळांना जागा दिली. मुली परत आल्या. मुलगेही गेले नाहीत. कोणी कोणाला हुसकावले नाही. स्वीडनमधील उमेओ गावी २०१६ साली मुलींशी बोलून एक छोटी जागा केली गेली: छताखाली टांगलेली झोपाळ्यासारखी मोठी आसने, पुरेसा उजेड आणि आपल्या फोनवरचे गाणे लावण्याची सोय. तिथे ‘करायचे’ काहीच नाही; नुसते असायचे.

झोपाळा! आमच्या घरी हे ऐकून सगळे हसले. गुजरातेत राहिलेल्या मराठी घराला झोपाळ्याचे महत्त्व स्वीडनने शिकवावे? वाड्याच्या ओसरीवर पितळी कड्यांचा झोपाळा होता. तिघी बहिणी, चार मैत्रिणी आणि मांडीवर मांजर एवढा ऐवज त्यावर मावत असे. बागेने सोडल्यावर आम्हांला त्यानेच सांभाळले. झोके घेता घेता ज्या गोष्टी बोलता येतात, त्या समोर ताठ बसून येत नाहीत.

आमच्यात मतभेद झाला तो इथे. मधलीचे म्हणणे, की मुलींसाठी वेगळीच बाग करावी, कुंपण घालून, पुरुषांना मज्जाव. तिचा दाखला भक्कम होता. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, तेव्हा तिथे स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग केले होते. ज्या घरांतून बाई परपुरुषांमध्ये बसणे शक्य नव्हते, त्या घरांतूनही ती वाचायला येऊ शकली, ती त्या वेगळेपणामुळेच. धाकटीला हे पटेना. “भिंत घातली की बाकीची सगळी बाग कायमची त्यांची झाली,” ती म्हणाली. “आणि भिंतीआड गेलेली मुलगी बाहेर आली की पुन्हा तोच प्रश्न, कुठे होतीस?” तिनेही बडोद्याचाच दाखला दिला. महाराणी चिमणाबाईसाहेबांनी पडदा सोडला आणि १९२७ साली पुण्याच्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवले, ते चारचौघांत, उघड्यावर.

दोन्ही बहिणींचे खरे होते, म्हणून वाद लांबला. तो मिटवला नवरात्राने. आश्विन आला आणि आमची हीच नात, जिला सात वाजता घरात बोलावले जाई, ती रात्री बारापर्यंत गरब्यात होती. घरात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. बडोद्याच्या रस्त्यांवर त्या नऊ रात्री मुलीच मुली असतात. घागरा-चोळीत दुचाकीवरून जाणाऱ्या, कोपऱ्यावर घोळक्याने उभ्या राहून खाणाऱ्या. २०२३ साली युनेस्कोने गरब्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, त्याचा शहराने उत्सव केला. आम्ही मात्र प्रथमच वेगळ्या नजरेने पाहिले. तेच शहर, तेच पुरुष, तोच अंधार. मग नऊ रात्रींत असे काय बदलते? उजेड असतो. सर्व वयांची माणसे असतात; आजीपासून पाळण्यातल्यापर्यंत. यायला-जायला अनेक वाटा असतात. जवळ खाण्यापिण्याचे असते. आणि मधोमध दिवा ठेवून धरलेला फेर असतो, ज्यात प्रत्येकीचे तोंड आत, एकमेकींकडे असते. भिंत नाही, आणि तरीही जागा मुलींचीच.

आमच्या लहानपणीचा भोंडला याहून निराळा कुठे होता? त्याच आश्विनात वाड्याच्या चौकात पाटावर हत्ती काढून आम्ही फेर धरत असू. आज या वाड्यात, उद्या त्या. खिरापत ओळखण्याच्या निमित्ताने मुली साऱ्या आळीभर हिंडत. आपल्या वाडवडिलांना नगररचनेचे शास्त्र ठाऊक नसेल, पण मुलींना जमायला काय लागते ते ठाऊक होते. फक्त ते वर्षातून काही दिवसच द्यायचे, हेही त्यांनी ठरवले होते.

योगायोगाने त्याच सुमारास सोसायटीच्या कमिटीने बागेच्या नूतनीकरणाचा आराखडा फलकावर लावला. क्रिकेटसाठी जाळी, व्यायामाची यंत्रे, चालण्याच्या वाटेला फरशी, ज्येष्ठांसाठी आणखी बाक. नातीने तो वाचला आणि घरी येऊन विचारले, “यात माझं काय आहे?” आम्ही तिलाच म्हटले, की तुझ्या मैत्रिणींना घेऊन ये आणि काय हवे ते सांग. सात जणी आल्या. निम्म्या गुजराती, दोघी मराठी, एक मल्याळी. आधी खूप लाजल्या, नंतर थांबेनात. समोरासमोर बसता येईल असे बाक हवेत. एका रांगेत बसले की मधलीलाच दोन्हीकडे मान वळवावी लागते. झोपाळे हवेत, पाटी नको. भिंतीकडेचा कोपरा नको, कारण तिथून निघायला एकच वाट असते. पण अगदी मधोमधही नको, सगळ्यांच्या नजरेत. उजेड हवा, पण डोळ्यांवर येणारा झगझगीत नव्हे. बॅडमिंटनची जाळी हवी आणि ती संध्याकाळी क्रिकेटवाल्यांनी काढायची नाही. एकीने खालच्या आवाजात सांगितले: कडी लागणारे, पाणी असलेले, कचऱ्याचा डबा असलेले स्वच्छतागृह हवे. मासिक पाळीच्या दिवसांत म्हणून. साठ वर्षांपूर्वी आमची बाग जिथे सुटली, तिथेच ते पोर बोट ठेवत होते. फरक इतकाच, की तिला शब्द सापडला होता. शेवटी नात म्हणाली, “आणि कोणी विचारू नये.”

ही यादी घेऊन आम्ही तिघी कमिटीच्या सभेला गेलो. एरवी आम्हांला सभेत बोलावतात ते तीळगूळ वाटायला. सभासदांनी ऐकून घेतले. वयाचा मान असतोच. मग हरकती सुरू झाल्या. मुली बसायला लागल्या की बाहेरची मुले घिरट्या घालतील. काही झाले तर जबाबदारी कोणाची? खर्च कशाला, दोन वर्षांत या मुली बारावीच्या अभ्यासाला लागतील. एक गृहस्थ म्हणाले, “मुलींना कुठे मनाई आहे? बाग सगळ्यांची आहे.” थोरलीने उभे राहून वही उघडली आणि पंधरा दिवसांच्या खुणा वाचून दाखवल्या. सभा थोडा वेळ गप्प झाली. “जबाबदारी म्हणाल,” ती पुढे म्हणाली, “तर आज त्या तळघरात बसतात. तिची कोणी घेतली आहे?”

अखेर जे मिळाले ते असे. मैदानाचा एक तुकडा रोपांच्या रांगेने वेगळा झाला आणि तिथे बॅडमिंटनची जाळी कायमची लागली. क्रिकेटवाले आठ दिवस फुरंगटले, नंतर त्यांतलेच काही रॅकेट घेऊन आले. दोन मोठे झोपाळे आले, पाटीविना. दिवे बदलले. बाकांसाठी मात्र पैसे उरले नाहीत. तेव्हा आम्ही कडुनिंबाखालचे आमचे दोन बाक देऊ केले. गवंड्याने ते उखडून काटकोनात, समोरासमोर बसवले. आता आम्ही फाटकाजवळ बसतो. तिथे सावली कमी आहे आणि धाकटी त्याबद्दल रोज कुरकुरते. स्वच्छतागृह मंजूर झाले नाही. देखभालीचा प्रश्न आहे, पुढील वर्षी पाहू, असे उत्तर मिळाले. आम्ही दर तीन महिन्यांनी नवा अर्ज देतो, आणि तो देताना त्यातील कारण आता लपवून लिहीत नाही.

मुली लगेच आल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पहिले काही आठवडे झोपाळे रिकामे डुलत होते आणि कमिटीचे लोक आमच्याकडे अर्थपूर्ण पाहत होते. मग एक आली, दोघी आल्या. आता दिवेलागणीला तिथे पाच-सहा जणी असतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही. फाटक दूर आहे, ते बरेच आहे. मधलीला अजूनही कुंपण असते तर बरे झाले असते असे वाटते. आम्हांला अजूनही तोंडावर आलेला प्रश्न गिळावा लागतो. साठ वर्षांची सवय आहे.

या अंकाचे वाचक इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा गावांतील आहेत. आपापल्या गावी आपल्या पूर्वजांनी देवळे बांधली, वाचनालये काढली, मंडळांच्या वास्तू उभ्या केल्या, पुढे अंगण ठेवले. त्या अंगणात एखाद्या साध्या संध्याकाळी, गणपती नाही, भोंडला नाही, कार्यक्रम नाही अशा दिवशी, चौदा वर्षांची मुलगी कारणावाचून येऊन बसू शकते का, एवढे एकदा पाहावे. बसत नसेल, तर तिला विचारायला जाण्याआधी आपला बाक कुठे ठेवला आहे, तेही पाहावे.

परवा नात झोपाळ्यावर होती. थोरलीने तिला जेवायला हाक मारली. तिने हात वर करून ‘पाच मिनिटं’ अशी खूण केली आणि मैत्रिणीकडे वळून पुढची गोष्ट सांगू लागली. ती अर्ध्या तासाने आली. कुठे होतीस, असे कोणी विचारले नाही. पोळी गरम करून वाढली.